नवा गुडघा, जुना पाय

डोंबिवलीत माणसाचं वय जिन्यावर कळतं. केस रंगवता येतात, चेहऱ्याला काही लावता येतं, पण स्टेशनच्या पुलावर कुणाची लपवाछपवी चालत नाही. कॉलेजातली मुलं दोन-दोन पायऱ्या टाकत वर जातात. नोकरीत मुरलेली बाई मोबाइलवरची नजर न काढता, खांद्यावरची पर्स सावरत एका लयीत चढते; पायऱ्या तिच्या पायांना पाठ असतात. पन्नाशी ओलांडली की हात कठड्याकडे जाऊ लागतो. आधी नुसता स्पर्श, मग आधार, मग ओढ. त्यानंतर येतं ते मधल्या चौकात थांबून पिशवीत काहीतरी शोधणं. पिशवीत शोधण्यासारखं काही नसतं. मागची गर्दी निघून जाईपर्यंत उभं राहायला एक कारण हवं असतं, एवढंच.

मी बरीच वर्षं पिशवीत शोधत होते.

आमची इमारत तळमजला अधिक तीन, बिनलिफ्टची. टिळकनगर, रामनगर, पलीकडे पश्चिमेला विष्णुनगर, कुठेही जा, त्या काळातल्या इमारती अशाच. घर घेताना आम्ही तिसरा मजला मागून घेतला होता. वारा येतो, डास कमी, चोरीची भीती नाही, खिडकीत बसून पाऊस बघता येतो. जागेचा भाव, पाण्याची वेळ, स्टेशनचं अंतर, सगळं विचारलं. गुडघ्यांचं कुणी विचारलं नाही. मग तीस-बत्तीस वर्षं तो तिसरा मजला, डोंबिवलीचा पूल, व्ही.टी.चा सबवे आणि फोर्टातल्या कचेरीचा उंच पायऱ्यांचा जिना. बसायला मिळावं म्हणून कधी उलटं कल्याणला जाऊन तीच गाडी पकडून यायचं, नाहीतर चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून ठाण्यापर्यंत, आणि तेही नसेल तेव्हा दांड्याला लटकून घाटकोपरपर्यंत. घरी आल्यावर पुन्हा तिसरा मजला. त्यात भाजी, त्यात गव्हाचं पीठ.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यातच संवेदक बसवून त्यावर किती भार येतो हे प्रत्यक्ष मोजलं आहे. सपाट रस्त्यावर चालताना शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून थोडा अधिक, जिना चढताना तिपटीहून अधिक, उतरताना जवळजवळ साडेतीनपट. म्हणजे साठ किलोची बाई पूल उतरते तेव्हा एकेका पायरीला तिच्या गुडघ्यावर दोनशे किलोंचा भार पडतो. चढताना दम लागतो म्हणून आपण चढण्याला घाबरतो, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना असते. हा आकडा मी निवृत्तीनंतर वाचला. आधी वाचला असता तरी गाडी तीच आणि पूल तोच राहिला असता.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. म्हणून तो झिजताना दुखत नाही, आणि झिजला की भरून येत नाही. तो संपत आल्यावर खालचं हाड तक्रार करू लागतं, तेव्हा मैत्रिणी म्हणतात, ‘वंगण संपलं तुझं.’ मग मेथीचे लाडू, निर्गुडीचं तेल, नी कॅप, गरम पाण्याची पिशवी आणि कुणीतरी सांगितलेला कुठला तरी वैद्य. आपल्याकडे गुडघा गेल्याचं आधी कळतं ते जमिनीवर. पहिल्यांदा मांडी सुटली. मग उकिडवं बसणं सुटलं, आणि विळीवर नारळ खवण्याचं काम ओट्यावर आलं. मग पूजेला पाटाऐवजी स्टूल आलं. हळदीकुंकवाला सगळ्या सतरंजीवर आणि मी एकटी खुर्चीत, सगळ्यांपेक्षा उंच. ओटी भरणारीला उभं राहावं लागे. शेवटी गावच्या घरी जाणं बंद झालं, कारण तिथलं शौचालय जुन्या पद्धतीचं होतं. गावाला का जात नाही, याचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही.

गुडघा बदलतात हे आमच्या पिढीला कळलं ते वाजपेयींमुळे. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधानांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, आणि पुढच्या जूनमध्ये तिथेच उजवा. शस्त्रक्रियेसाठी न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते. मूळचे मध्य प्रदेशातले. आमच्या लेडीज डब्यात तेव्हा कुर्ल्यापासून मशीदबंदरपर्यंत हाच विषय. मुळात ही कला फार जुनी नाही. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या राइटिंग्टनच्या रुग्णालयात फ्रँक गन्स्टन यांनी आधुनिक पद्धतीचा गुडघा बसवला, आणि १९७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी आज सर्वत्र वापरतात त्या घडणीचा पाया घातला. त्या सहकाऱ्यांत हेच राणावत होते. मात्र डब्यातला निष्कर्ष साधा होता: हे पंतप्रधानांचं काम, आपलं नव्हे. ते आपलंही होऊ शकतं असं वाटलं ते ऑगस्ट २०१७ नंतर. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली, आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी दीड लाखाच्या वर असलेली छापील किंमत कर वगळून ५४,७२० रुपयांवर आली. रुग्णालयाचा बाकीचा खर्च होताच. तरी निवृत्तिवेतनातून आकडा दिसू लागला.

शस्त्रक्रिया ठाण्यात झाली, जूनमध्ये. कमरेत इंजेक्शन दिलेलं असतं, गुंगीचं औषध हलकंसं, त्यामुळे काही वेळ ऐकू येत राहतं. मला करवतीची घरघर आणि हातोडीची ठोकाठोक ऐकू आली. दुखत मुळीच नव्हतं. आपल्याच शरीरात सुतारकाम चाललंय आणि आपण पाहुण्यासारखे बाजूला पडलोय, याचं हसू येत होतं.

नंतर डॉक्टरांनी प्लास्टिकचा नमुना हातात देऊन समजावलं. मांडीच्या हाडाच्या टोकाचा आणि नडगीच्या माथ्याचा जेमतेम आठ-दहा मिलिमीटरचा थर काढतात. वरच्या टोकाला धातूचं टोपण, खालच्याला धातूची तबकडी, मध्ये अतिशय कठीण प्लास्टिकचा तुकडा, आणि हे सगळं हाडाला धरून ठेवायला ॲक्रिलिकचं सिमेंट. कवळी ज्या जातीच्या द्रव्यापासून बनते त्याच जातीचं. दोन्ही बाजूंचे अस्थिबंध तुमचेच. मांडीचा स्नायू तुमचा, पोटरी तुमची, कातडी तुमची. एवढं ऐकल्यावर माझ्या मनात जे आलं ते पुढचे सगळे महिने तसंच राहिलं: यांनी गुडघा नवा दिला, पण तो जुन्याच पायात बसवलाय. आणि त्या जुन्या पायाला कुणी काही विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं. चार पावलं टाकली. माझ्या यजमानांनी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि मीही संध्याकाळपर्यंत स्वतःला जिंकलेली समजत होते. इंजेक्शनांचा अंमल उतरला आणि रात्र सुरू झाली. त्या दुखण्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मला धक्का दिला तो दुसऱ्याच गोष्टीने. गुडघा सरळ ठेवून पाय गादीवरून वर उचला, असं सांगितलं होतं. लहान मुलाला जमेल अशी हालचाल. मी डोक्यात हुकूम सोडला आणि पाय तसाच पडून राहिला. दुखत होता म्हणून नव्हे. हुकूम त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

तिसरा मजला शक्य नव्हता, म्हणून घरी न जाता धाकट्या बहिणीकडे कल्याणला जायचं ठरलं. खडकपाड्याला तिची इमारत लिफ्टची. ठाण्याहून माजिवडा, खारेगाव, मानकोली, रांजणोली, कोन आणि मग दुर्गाडीचा पूल. हा रस्ता मी आयुष्यात कितीदा केला असेन, पण त्या दिवशी त्यातला प्रत्येक खड्डा स्वतंत्रपणे भेटला. पाऊस लागलेला. पुलावरून खाडीचं गढूळ पाणी दिसलं तेव्हा वाटलं, आता संपलं सगळं, आता फक्त बरं व्हायचं.

पण तिथून उतरण लागली. जखमेच्या खालच्या टोकाला पाझर सुरू झाला आणि टाके काढायचा दिवस पुढे गेला. तो थांबतोय तोवर एका सकाळी पोटरी घट्ट झालेली, दाबली की कळ. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, आजच्या आज डॉप्लर करा. भर पावसात, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मला लिफ्टमधून खाली नेलं. ओळखीच्या, अनोळखी चार जणांनी हात लावला. गुठळी निघाली नाही, सूजच होती. घरी परत येताना सगळे सुटल्यासारखे बोलत होते आणि मी गप्प होते. त्या एका धावपळीत आठवड्याभराची कमाई गेली होती. गुडघा पुन्हा टम्म, वाकणं पुन्हा कमी.

भेटायला येणाऱ्यांनी माझी उरलीसुरली हिंमत खाल्ली. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: ‘बेंडिंग किती आलं?’ आमच्याकडे दहावीच्या टक्क्यांनंतर इतक्या उघडपणे विचारला जाणारा हा एकच आकडा असावा. सपाट जागी चालायला गुडघा साधारण ७० अंश वाकावा लागतो, जिन्याला ९०च्या आसपास, खुर्चीतून नीट उठायला त्याहून थोडा जास्त. माझा आकडा सत्तरला अडकून बसला होता. मग गोष्टी सुरू होत. कुणाच्या नणंदेच्या जाऊबाई तिसऱ्या दिवशी जिना चढल्या. कुणाच्या साहेबांच्या आईने महिन्यात नरसोबाची वाडी केली. एका गृहस्थांनी तर वाजपेयी काढले: जूनमध्ये दुसरा गुडघा, आणि जुलैच्या मध्याला आग्र्यात मुशर्रफ यांच्याशी बोलणी. मी म्हटलं, त्यांना आग्र्याला जायचं होतं, मला बाथरूमला जायचंय, माझं काम अवघड आहे.

जे सांगितलं जात नाही ते नंतर वाचनात आलं. कॅनडातल्या आणि इंग्लंडमधल्या मोठ्या पाहण्यांत गुडघा बदललेल्यांपैकी पाचातला जवळजवळ एक जण आपण पूर्ण समाधानी नाही, असं सांगतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद निम्म्याहून अधिक उतरते. सूज आणि ऊब कित्येक महिने राहते. पाय पूर्ण सुधारायला वर्ष लागू शकतं. हे आकडे घाबरवणारे वाटतील, पण मला त्यांनी धीर दिला. मी मागे पडले नव्हते. मी ज्या रस्त्यावर होते तो रस्ताच असा होता. वाडीला गेलेल्या बाईची गोष्ट घरोघर फिरते. रात्री तीनला उशीत तोंड खुपसून रडलेली बाई ती गोष्ट सांगायला कुणाच्या घरी जात नाही.

बहिणीचे यजमान कमी बोलणारे. एके संध्याकाळी ते म्हणाले, ‘पत्रीपुलाचं आठवतं ना?’ १९१४ चा तो लोखंडी पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला आणि नवा सुरू झाला तो जानेवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात कल्याण-डोंबिवलीकरांनी त्या कोंडीत किती तास घालवले त्याला गणती नाही. ‘जुना पाडणं एका रविवारचं काम होतं,’ ते म्हणाले. ‘क्रेन आली, उचलला, गेला. वेळ लागला तो त्यानंतर.’ एवढं बोलून ते पेपर वाचायला लागले.

रस्ता दाखवला तो फिजिओ मुलीने. अंबरनाथहून स्कूटरवर यायची, रेनकोट बाहेर झटकून, हात पुसून आधी गुडघ्यावर पालथा हात ठेवायची. किती वाकतो ते नंतर, आधी किती गरम आहे ते. मी पाय उचलता येत नसल्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘मावशी, पाय हट्टी नाहीये. सांध्यात सूज असली की मणक्यातूनच मांडीच्या स्नायूला निरोप जातो, काम बंद ठेव म्हणून. शरीर त्याला जपतंय.’ तिने टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि गुडघा खाली दाबायला सांगितला. दिसायला काहीच होत नव्हतं. तिने माझा हात धरून माझ्याच मांडीवर ठेवला. आत कुठेतरी एक धागा बारीक थरथरत होता. ‘हा बघा, जागा आहे,’ ती म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला पायात काय नाही हे सोडून काय आहे ते दाखवलं होतं.

दुसरी गोष्ट तिने बहिणीच्या पॅसेजमधल्या आरशासमोर दाखवली. वॉकर सुटून काठी आली होती आणि मी एका बाजूला झुकून, पाय फरफटत चालत होते. ‘आता जुन्या जागी दुखतं का?’ तिने विचारलं. मी आठवून पाहिलं. शिवणीपाशी दुखत होतं, ताण होता. पण ती वर्षानुवर्षांची, पाऊल टाकताना आतल्या बाजूला चमकणारी कळ नव्हती. केव्हा गेली तेही कळलं नव्हतं. ‘मग तुम्ही ती आहे असं समजूनच चालताय,’ ती म्हणाली. खरं होतं. कारण निघून गेलं होतं आणि लंगडणं मागे राहिलं होतं. दहा वर्षं या पायाने मला सांभाळलं, भार दुसरीकडे टाकून, कंबर वाकवून, पुलावर कठड्याला ओढून. तो आता एका दुपारीत कसा विश्वास ठेवील, की धोका टळला म्हणून? डॉक्टरांचं काम तास-दोन तासांत संपलं. या पायाची समजूत काढण्याचं काम माझ्याकडे होतं, आणि समजूत काढताना माणूस एकदा ऐकतो, दोनदा रुसतो.

त्यानंतर घसरगुंडीकडे बघण्याची माझी तऱ्हा बदलली. वाकणं सत्तरीवर थांबलं तसं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की ठरावीक मुदतीत प्रगती नसेल तर भूल देऊन गुडघा वाकवावा लागेल; आत तयार होणारे चिकट पापुद्रे त्याने सुटतात, पण पहिल्या तीन महिन्यांतच ते करणं बरं. या भीतीने घरातल्या सगळ्यांना जोर चढला होता. फिजिओने उलटंच सांगितलं: चार दिवस जोर बंद. पाय उशांवर छातीपेक्षा उंच, बर्फाची पिशवी, दिवसातून अनेकदा थोडं थोडं वाकवणं, आणि सरळ करण्यावर भर. ‘गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस जन्मभर लंगडतो, वाकण्याचं नंतर बघू.’ सूज उतरली तसा आकडाही हलला. भूल देण्याची वेळ आली नाही. आली असती तरी ती हार नसती; मुदतीत केलेला तोही एक नेहमीचा उपचार आहे.

दिवस असे निभले, रात्रींचं मात्र वेगळं होतं. कुशीवर वळता येत नाही, पाठीवर झोप येत नाही. गोळ्यांनी पोट बिघडतं, तोंडाची चव जाते. जंक्शनच्या दिशेने मेल गाड्यांचे भोंगे ऐकू येत आणि मी त्यांच्या वेळांवरून पहाट किती दूर आहे ते ठरवी. बहीण शेजारच्या पलंगावर. मी हाक मारायची नाही असं ठरवी आणि ती हाकेआधी उठे. जिच्या वेण्या मी घातल्या, जिला बोट धरून शाळेत सोडलं, ती आता मला संडासाच्या उंच सीटवर बसवत होती आणि मी लाजू नये म्हणून भिंतीकडे बघत कालच्या मालिकेची गोष्ट सांगत होती. मला वाटतं, गुडघ्याइतकीच आणखी एक गोष्ट त्या वेळी वाकत होती. आयुष्यभर घर, नोकरी, सासू, मुलगी, सगळ्यांचं केलं याचा एक ताठा असतो. तो मोडताना आवाज होत नाही, पण दुखतं.

पाऊस उघडला तेव्हा काळ्या तलावावर जाऊ लागलो. कडेची वाट सपाट, मध्ये मध्ये बाकं. तिथे संध्याकाळी कल्याणातले निम्मे गुडघे फिरायला येतात असं मला आढळलं. काठी दिसली की लोक आपणहून बोलतात. त्या बाकांवर मला खरी माहिती मिळाली, जी भेटायला येणाऱ्यांकडे नव्हती. एकींना दुसऱ्या महिन्यात वाटलं होतं, की उगाच केलं. सहाव्यात त्यांनी दुसऱ्या गुडघ्याची तारीख घेतली. एका आजोबांचा गुडघा वर्षानंतरही हवा पालटली की जड होतो. ते रोज येतात. कुणीही तिसऱ्या दिवशी जिना चढलेलं नव्हतं.

गणपतीच्या आधी मी डोंबिवलीला परतले. जिन्याचा नियम फिजिओने पाठ करून घेतला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा आधी, काठी नेहमी त्याच्याबरोबर. शेजाऱ्यांनी प्रत्येक चौकात एक खुर्ची ठेवली होती. पहिल्या मजल्यावर लाल प्लास्टिकची, दुसऱ्यावर लोखंडी घडीची. मी दोन्हींवर बसले. बसायची गरज दुसऱ्याच खुर्चीला होती, पण पहिलीवर न बसणं बरं दिसलं नसतं. यंदा सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा पार्किंगआधी लिफ्टबद्दल बोलायला अर्धी सभा उठली. बोलणाऱ्यांची वयं ओळखायला मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागलं नाही.

आज गुडघा बरा आहे. ११०च्या पुढे वाकतो. शिवणीच्या बाहेरच्या बाजूला एक बधिर पट्टा आहे. तिथली बारीक नस कापली जातेच, तो कदाचित राहील. चालताना कधी आतून टक् असा आवाज येतो. मॉलच्या दारातलं यंत्र मला बघून वाजतं. मांडी घालत नाही, उकिडवं बसत नाही, आरती उभ्याने म्हणते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुण पोरांच्या गर्दीत, गणेश मंदिरापर्यंत सावकाश चालत गेले. ठाण्याला तपासणीला दुपारच्या स्लो लोकलने जाते. फलाट आणि पायरी यांच्यातली फट अजून भीती घालते. पूल मात्र मधल्या चौकात न थांबता चढते, कठडा धरून, आणि मागच्याला घाई असेल तर त्याने बाजूने जावं.

म्हणून दोन शब्द. कुणाचा गुडघा बदलला असेल आणि तुम्ही भेटायला जाणार असाल, तर बेंडिंग विचारू नका. झोप लागते का विचारा, आणि जमलं तर तासभर तिथे बसून घरच्या माणसाला बाहेर पाय मोकळे करायला पाठवा. ज्यांचा बदलला आहे त्यांनी ताप, जखमेतून पाझर, पोटरीत कळ किंवा श्वास लागणं यांपैकी काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. बाकीचं पुढे-मागे होणं हा या आजारपणाचा भाग आहे. आणि ज्यांचं अजून ठरतंय त्यांना माझं एवढंच सांगणं. रुग्णालय कुठलं, सांधा कुठल्या कंपनीचा, याची चौकशी कराच. पण तारीख घेण्याआधी घरात बसून एक गोष्ट ठरवा: पहिले तीन महिने रात्री हाक मारली तर कोण उठणार. ते नाव नक्की झालं की मगच रुग्णालयाला फोन लावा.